वडाळ्याचे पिवळे स्लीपर : एका रेल्वे उपायाचा मानसशास्त्रीय प्रकरण अभ्यास

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर, महामारीची दोन वर्षे वगळली तर, दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा गट रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत अनधिकृतपणे शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फलाटावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून पादचारी पूल वापरण्याची उद्घोषणा दिवसभर होत असते. म्हणजे रूळ ओलांडणाऱ्या माणसाला धोका ठाऊक असतो आणि कायदाही ठाऊक असतो, तरीही तो ओलांडतो. जे ठाऊक आहे ते वर्तनात का उतरत नाही, हा मानसशास्त्रातील मूलभूत प्रश्नांपैकी एक आहे. या प्रश्नाला मुंबईत प्रत्यक्ष रुळांवर हात घातला गेल्याचे एक प्रकरण उपलब्ध असल्यामुळे मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ते मुळापासून तपासावे असे मला वाटते.

वडाळा रोड हे हार्बर मार्गावरील स्थानक आहे. येथून पुढे एक मार्ग माहीम, वांद्रे, अंधेरीकडे वळतो आणि दुसरा कुर्ल्यावरून पनवेलकडे जातो. २००९ च्या अखेरीस आणि २०१० च्या आरंभी फायनलमाईल या मुंबईतील सल्लागार संस्थेने मध्य रेल्वेच्या सहकार्याने वडाळ्याच्या रुळांवर तीन गोष्टी केल्या. रुळांखालचे काही स्लीपर, म्हणजे रूळ ज्यांवर बसवलेले असतात ते आडवे ठोकळे, ठरावीक अंतराने पिवळ्या रंगाने रंगवण्यात आले. माणसे जिथून ओलांडतात तिथे गाडीखाली सापडत असलेल्या एका माणसाच्या चेहऱ्याची, भीतीने डोळे विस्फारलेली, टप्प्याटप्प्याची तीन छायाचित्रे लावण्यात आली. छायाचित्रातला माणूस अर्थातच अभिनेता होता. तिसरी गोष्ट भोंग्याची होती. मोटरमनने एकच लांब भोंगा न देता दोन तुटक भोंगे द्यावेत आणि दोहोंच्या मध्ये क्षणभर शांतता ठेवावी, अशी खूण रुळांच्या कडेला करण्यात आली. त्यानंतरच्या महिन्यांत तेथील मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याच्या बातम्या देश-विदेशांतल्या वृत्तपत्रांत आल्या, आणि वर्तन बदलण्याच्या स्वस्त आणि सोप्या उपायाचा नमुना म्हणून हे उदाहरण आजही अनेक प्रशिक्षण वर्गांत दिले जाते.

या अभ्यासात मी दोन प्रश्न वेगळे ठेवणार आहे. हा उपाय मानवी मनाविषयीच्या खऱ्या ज्ञानावर उभा आहे का, हा पहिला प्रश्न. या उपायामुळेच मृत्यू कमी झाले हे सिद्ध झाले आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे, दुसऱ्याचे नाही. बहुतेक चर्चांमध्ये पहिल्याचा भक्कमपणा नकळत दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो, आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकाने सर्वांत आधी ओळखायला शिकावे असे काही असेल तर ते हेच आहे.

डोळ्यांना दिसणारा वेग

प्रकाश डोळ्यांच्या पडद्यावर पडणे हे वेदन, आणि मेंदूने त्यावरून अंतर, वेग, धोका यांचा अर्थ लावणे हे संवेदन. रुळांवर उभ्या असलेल्या माणसाचे वेदन निर्दोष असते. गाडी त्याला दिसलेली असते. चूक होते ती संवेदनात.

हर्शेल लीबोवित्झ या अमेरिकन संशोधकाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरील अपघातांविषयी लिहिताना असे मांडले की, मोठ्या आकाराची वस्तू तितक्याच वेगाने जाणाऱ्या लहान वस्तूपेक्षा हळू जात असल्यासारखी भासते. घाटकोपर किंवा कुर्ल्याच्या एखाद्या गच्चीवरून उतरणारी विमाने पाहिली तर याची प्रचिती येते : मोठे विमान हवेत जवळजवळ थांबल्यासारखे वाटते आणि लहान विमान झरकन जाते. पुढे २०१३ मध्ये न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठातील संशोधकांनी पडद्यावरील कृत्रिम दृश्यांच्या साहाय्याने हा भास प्रयोगशाळेत तपासला. सहभागी व्यक्तींना आगगाडीचा वेग तितक्याच वेगाने येणाऱ्या मोटारीच्या वेगापेक्षा कमी भासतो, हे त्यात दिसून आले.

याच्या जोडीला दुसरी एक अडचण आहे, आणि ती साध्या भूमितीतून समजते. समोरून थेट येणारी गाडी डावीकडून उजवीकडे सरकत नाही. ती जागच्या जागी मोठी होत जाते, आणि वेग ओळखण्याचा मुख्य संकेत म्हणजे हे मोठे होणे. मुंबईच्या लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद असतो. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने येत असेल, तर ती सेकंदाला साधारण २२ मीटर अंतर कापते. ती २०० मीटरवर असताना तिचे तोंड पाहणाऱ्याच्या डोळ्यात सुमारे १.०५ अंशांचा कोन करते आणि एका सेकंदानंतर तो कोन १.१८ अंश होतो. हा फरक इतका सूक्ष्म आहे की गाडी उभी आहे की येत आहे हेही चटकन सांगता येऊ नये. तीच गाडी ५० मीटरवर आली की कोन सुमारे ४.२ अंश असतो आणि पुढच्या एका सेकंदात तो ७.५ अंशांवर जातो. म्हणजे वेगाची खरी जाणीव होते ती निर्णय घेण्याची वेळ निघून गेल्यावर. २०० मीटरवरची गाडी नऊ सेकंदांत पोहोचते. या नऊ सेकंदांपैकी पहिली चार-पाच सेकंदे डोळे माणसाला जवळजवळ काहीच सांगत नाहीत, आणि ओलांडायचे की थांबायचे हे तो नेमके त्याच सेकंदांत ठरवत असतो.

पिवळ्या स्लीपरचा विचार येथे बसतो. राखाडी खडी आणि त्याच रंगाचे स्लीपर यांचा एकसलग पट्टा असेल तर गाडीचे पुढे सरकणे कशाशी ताडून पाहायचे, याला डोळ्यांजवळ आधार नसतो. ठरावीक अंतरावर ठळक पट्टे असले की गाडी एकामागून एक पट्टा गिळताना दिसते, आणि मोठे होण्याच्या दुबळ्या संकेताला दुसऱ्या एका संकेताची जोड मिळते. ही कल्पना मला अतिशय मोलाची वाटते, कारण ती रूळ ओलांडणाऱ्याला बेपर्वा किंवा अडाणी ठरवत नाही. त्याच्या डोळ्यांची मर्यादा ही आपल्या सर्वांच्याच डोळ्यांची मर्यादा आहे, असे मानून ती त्याला मदत करू पाहते.

भोंगा आणि छायाचित्र

भोंग्यामागील तत्त्वही जुने आणि पक्के आहे. नव्या उद्दीपकाकडे, म्हणजे नव्या आवाजाकडे किंवा दृश्याकडे, प्राण्याचे लक्ष आपोआप वळते याचे वर्णन पावलोव्हने केले होते, आणि तेच उद्दीपक वारंवार आले तर हा प्रतिसाद कसा विझत जातो हे पुढे सोकोलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तपशिलाने दाखवले. मज्जासंस्था बदलाला प्रतिसाद देते. जे एकसारखे चालू असते त्याकडे ती दुर्लक्ष करू लागते. रुळांलगत राहणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसातून शेकडो वेळा भोंगा पडतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक भोंगा त्याच्या दृष्टीने निष्फळ ठरलेला असतो. तुटक भोंग्यात आवाज दोनदा सुरू होतो आणि मध्ये शांतता येते, म्हणजे लक्ष वेधणारे बदल वाढतात. मात्र ज्या तत्त्वावर हा उपाय उभा आहे त्याच तत्त्वानुसार त्याची धारही कालांतराने बोथट व्हायला हवी, कारण तुटक भोंगाही रोज ऐकला की रोजचा होतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा परिणाम मोजून थांबणे येथे विशेष धोक्याचे आहे.

छायाचित्राविषयी मात्र पुरावा सरळ एका बाजूचा नाही. १९५३ मध्ये जॅनिस आणि फेश्बाख यांनी शालेय विद्यार्थ्यांना दातांच्या निगेविषयी कमी, मध्यम आणि तीव्र भीती घालणारी माहिती दिली, तेव्हा तीव्र भीतीचा वर्तनावर सर्वांत कमी परिणाम झालेला आढळला. नंतर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये टॅननबाम आणि सहकाऱ्यांनी घेतला, त्यात भीतीचे आवाहन सर्वसाधारणपणे उपयोगी ठरते असे दिसले, आणि धोक्यासोबत त्यातून सुटण्याचा मार्ग सांगितला तर ते अधिक उपयोगी ठरते असेही दिसले. या दोहोंवरून वडाळ्यासाठी एक व्यवहार्य सूचना निघते : भयभीत चेहऱ्याच्या शेजारी पादचारी पूल कोणत्या बाजूला आणि किती पावलांवर आहे याचा बाण असला पाहिजे. छायाचित्राने चित्रफलकांवरील नेहमीच्या निर्जीव आकृत्यांची जागा घेतली हे योग्यच झाले, कारण माणसाचा चेहरा आणि त्यावरील भाव आपण इतर कोणत्याही चित्रापेक्षा लवकर टिपतो. शिवाय १९८० मध्ये वाइनस्टीन यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये दाखवल्याप्रमाणे, वाईट घटना आपल्यापेक्षा इतरांच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त आहे असे माणसे मानतात. रोज ओलांडून रोज सुखरूप पोहोचणाऱ्या माणसाच्या या समजाला तर रोजचा अनुभवच बळकटी देत असतो. आकडेवारी त्याला हलवू शकत नाही; एखादा चेहरा कदाचित हलवू शकेल.

मोजायचे काय

संशोधनात ज्या घटकात आपण बदल करतो तो स्वतंत्र चल, आणि त्या बदलाचा परिणाम ज्यावर पाहतो तो आश्रित चल. वडाळ्यात आश्रित चल म्हणून मृत्यूंची संख्या घेतली गेली. यात वावगे काही नाही, कारण अखेर वाचवायचे आहेत ते जीवच. पण शास्त्रीय मोजमापाच्या दृष्टीने मृत्यू हा अवघड चल आहे.

पहिली अडचण व्याख्येची. लोहमार्ग पोलिसांच्या नोंदीत रूळ ओलांडताना झालेला मृत्यू, गाडीतून पडून झालेला मृत्यू आणि आत्महत्या या वेगळ्या गोष्टी आहेत, परंतु रात्री दोन स्थानकांच्या मधे सापडलेल्या मृतदेहाचे वर्गीकरण साक्षीदाराशिवाय कसे करायचे? जखमी अवस्थेत रुग्णालयात नेलेला माणूस आठवड्याने मरण पावला तर तो कोणत्या यादीत धरायचा? या प्रश्नांची उत्तरे मोजणी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवणे, म्हणजेच कार्यात्मक व्याख्या निश्चित करणे, आवश्यक असते. उपायाच्या आधी एक पद्धत आणि नंतर दुसरी पद्धत वापरली गेली, तर माणसे तितकीच मरत असतानाही आकडा बदलू शकतो.

दुसरी अडचण संख्येची आहे. समजा, एखाद्या ठिकाणी सहा महिन्यांत सरासरी २० मृत्यू होतात आणि परिस्थितीत कोणताही बदल होत नाही. अशा विरळ आणि एकमेकांपासून स्वतंत्र घटनांच्या बाबतीत निव्वळ योगायोगाने एका सहामाहीत ११ आणि दुसऱ्या सहामाहीत २९ मृत्यू नोंदले जाणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने अपेक्षित मर्यादेत येते. एका स्थानकावरील एका सहामाहीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे किती नाजूक आहे, हे यावरून लक्षात यावे.

म्हणून मृत्यूंच्या जोडीला वर्तन मोजले पाहिजे. पादचारी पुलावर उभे राहून ठरावीक वेळेत किती माणसांनी रूळ ओलांडले, त्यांपैकी किती जणांनी पाऊल टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंना मान वळवली, भोंगा वाजल्यावर किती जण थांबले आणि शेवटचा माणूस रुळांबाहेर गेल्यापासून गाडी येईपर्यंत किती सेकंद उरले, हे सारे नोंदवता येते. यांतील शेवटचे मोजमाप मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते, कारण पिवळ्या पट्ट्यांचा दावा नेमका वेगाच्या अंदाजाविषयी आहे. अंदाज सुधारला असेल तर हे उरलेले सेकंद वाढले पाहिजेत. एका सकाळी अशा कितीतरी नोंदी मिळू शकतात, जिथे मृत्यूची नोंद, सुदैवाने, महिन्याकाठी मोजकीच असते.

हे नैसर्गिक निरीक्षण दोन निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता करावे आणि त्यांच्या नोंदी किती जुळतात हे तपासावे. त्यासाठी कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कप्पा गुणांक वापरण्याची प्रथा आहे. निरीक्षकांना उपाय कोणत्या ठिकाणी लागू आहे हे कळू नये हे आदर्श होय. पण पिवळे पट्टे लपवता येत नाहीत, त्यामुळे चित्रीकरणातील रुळांचा भाग झाकून केवळ माणसांच्या हालचाली मोजण्यासारखी युक्ती करावी लागेल. विद्यार्थ्यांना असे काम देताना एक गोष्ट निक्षून सांगायला हवी : समोर कुणी गाडीच्या वाटेत येत असेल तर नोंदवही खाली ठेवून ओरडून त्याला सावध करायचे. त्या क्षणाचे निरीक्षण वाया गेले तरी चालेल.

लोकांनाच का विचारू नये, असे कुणीही सुचवेल. सर्वेक्षणाचे स्थान आहे, पण ते मर्यादित आहे. एक तर आपण गुन्हा ठरलेल्या कृतीविषयी विचारत आहोत आणि समोरच्याला दंडाची धास्ती असणार. दुसरे असे की, आपल्या वर्तनाची खरी कारणे माणसाला अनेकदा उपलब्धच नसतात. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन यांनी दिलेल्या प्रसिद्ध दाखल्यात लोकांना तंतोतंत सारख्या असलेल्या नायलॉन मोज्यांच्या चार जोडांतून उत्तम जोड निवडायला सांगितले होते. सर्वांत उजवीकडचा जोड कितीतरी जास्त वेळा निवडला गेला, पण आपल्या निवडीचे कारण जागा हे आहे असे कुणीही आपणहून सांगितले नाही. रूळ ओलांडणाऱ्याने ‘मला पिवळ्या पट्ट्यांमुळे वेग कळला’ असे सांगितले किंवा ‘पट्ट्यांकडे माझे लक्षच गेले नाही’ असे सांगितले, तरी दोन्ही उत्तरे पट्ट्यांच्या परिणामाचा पुरावा ठरत नाहीत. सर्वेक्षणातून पूल किती दूर आहे, तो बंद असतो का, डोक्यावर ओझे असताना चढवतो का, अशा गोष्टी मात्र चांगल्या कळतात, आणि त्या विचारल्याच पाहिजेत.

आधी आणि नंतर

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे वळू. जो दाखला सर्वत्र दिला जातो तो एकाच जागेच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांच्या तुलनेचा आहे. या प्रकारच्या तुलनेत काय काय चुकू शकते याचे सर्वांत उत्तम विवेचन डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने केलेले आहे, आणि योगायोगाने तेही वाहतुकीच्याच संदर्भात आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९५५ साली रस्ते अपघातांत ३२४ जण मरण पावले. त्या वर्षाच्या अखेरीस गव्हर्नर रिबिकॉफ यांनी वेगमर्यादा मोडणाऱ्यांवर कडक कारवाई सुरू केली आणि १९५६ साली मृत्यूंची संख्या २८४ वर आली. चाळीस जीव वाचले, असे जाहीर झाले. कॅम्पबेल आणि त्यांचे सहकारी रॉस यांनी १९६८ मध्ये या दाव्याची तपासणी करताना फक्त दोन आकडे न घेता अनेक वर्षांचे आकडे ओळीने मांडले आणि शेजारच्या राज्यांचे आकडेही सोबत ठेवले. आकडे दरवर्षीच वरखाली होत होते, १९५५ हे वर्ष नेहमीपेक्षा फारच वाईट होते, आणि नेमक्या त्याच वर्षानंतर कारवाई झाली होती.

अतिशय वाईट वर्षानंतर उपाय केला की पुढचे वर्ष बहुधा बरे जाते, उपाय केला नसता तरीही. टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सरासरीच्या जवळ येण्याकडे कल असतो, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवून दिले होते. मृत्यू सर्वाधिक नोंदले गेले अशीच जागा उपायासाठी निवडणे प्रशासनाच्या दृष्टीने स्वाभाविक आणि योग्यही आहे, परंतु त्या निवडीमुळेच आधी-नंतरची तुलना फसवी होते. वडाळ्याच्या आकड्यांतील घट किती अंशी या परतण्याची आहे, हे त्या दोन आकड्यांतून सांगता येणे शक्य नाही.

याशिवाय मुंबईच्या आपल्या काही अडचणी आहेत. आधीचा काळ पावसाळ्याचा आणि गणपती-नवरात्रीच्या गर्दीचा असेल आणि नंतरचा काळ कोरड्या महिन्यांचा असेल, तर निसरडी खडी, छत्रीने झाकलेली नजर आणि पावसाच्या आवाजात बुडालेला भोंगा यांचा फरक उपायाच्या नावावर लागतो. त्याच सुमारास शेजारी भिंत बांधली गेली, पुलाचा जिना दुरुस्त झाला, रेल्वे सुरक्षा दलाचे जवान उभे राहू लागले किंवा वृत्तपत्रांत बातमी येऊन गेली, तर यांतील प्रत्येक गोष्ट हे घटीचे स्वतंत्र स्पष्टीकरण ठरू शकते. लोक वडाळ्याऐवजी थोडे पुढे जाऊन ओलांडू लागले असतील, तर मृत्यू टळले नाहीत, ते फक्त शेजारच्या हद्दीत सरकले. म्हणून दोन्ही बाजूंच्या टप्प्यांची नोंदही हवी.

आणि परिणाम खरा असला तरी तो कोणाचा? पट्टे, छायाचित्रे आणि भोंगे एकाच वेळी आले. प्रत्येक गोष्ट असणे किंवा नसणे यांच्या एकूण आठ जुळण्या होतात आणि एकेकीचा परिणाम सुटा करायचा तर त्या आठही पाहाव्या लागतील. भोंग्याच्या बाबतीत तर आणखी एक कडी आहे, जी चर्चेत सहसा सुटते : खूण लावली म्हणजे मोटरमनने भोंगा तसा वाजवलाच असे होत नाही. स्वतंत्र चल खरोखर लागू झाला का हे वेगळे तपासावे लागते, आणि त्यासाठी किती गाड्यांनी तुटक भोंगा दिला हे रुळांशेजारी उभे राहून मोजावे लागते.

चिठ्ठ्या टाकून क्रम

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की, माणसे मरत असताना नियंत्रित गट, म्हणजे तुलनेसाठी उपायाविना ठेवलेली ठिकाणे, कसला ठेवता, सगळीकडेच रंगवा. हा आक्षेप मनापासून आलेला असतो आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

सगळीकडे एकाच दिवशी रंगवणे शक्य नसते. रंग, माणसे आणि गाड्या थांबवून मिळणारा कामाचा वेळ मर्यादित असल्याने काही ठिकाणे आधी आणि काही ठिकाणे नंतर होणार, हे ठरलेलेच असते. प्रश्न इतकाच आहे की हा क्रम कसा ठरवायचा. नेहमीच्या पद्धतीत तो मृतांच्या संख्येवरून, बातमीवरून किंवा स्थानिक मागणीवरून ठरतो, आणि मग वर सांगितलेल्या सर्व शंका उभ्या राहतात. त्याऐवजी धोकादायक अशा वीस-पंचवीस टप्प्यांची यादी करून, त्यांची मोजणी सर्वत्र एकाच वेळी सुरू करून, दर दोन-तीन महिन्यांनी कोणत्या टप्प्यांवर उपाय होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर ज्यांची पाळी अजून आलेली नाही ते टप्पे आपोआप तुलनेचा गट बनतात. पावसाळा, सण, मोहीम, बातमी यांचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच होतो. सरासरीकडे परतणेही दोन्हीकडे सारखेच असते. अखेरीस प्रत्येक टप्प्यावर उपाय झालेला असतो, कुणालाही त्यापासून कायमचे वंचित ठेवलेले नसते, आणि चिठ्ठ्यांना खर्च येत नाही. वैद्यकीय आणि सामाजिक संशोधनात ही रचना रूढ आहे. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्यांसारख्या निव्वळ योगायोगावर सोडलेल्या, विभागणीचे तत्त्व रोनाल्ड फिशर यांनी १९३५ पर्यंत शेतीच्या प्रयोगांतून पक्के केले होते. ते रुळांवर आणण्यात तत्त्वतः कोणतीही अडचण नाही.

जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची संमती अर्थातच घेता येणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, सहभागी व्यक्तींना असलेला धोका अत्यल्प असेल अशा संशोधनात नैतिकता समितीला संमतीची अट शिथिल करता येते. समितीपुढे जावे मात्र लागते, आणि पट्ट्यांपेक्षा छायाचित्रांवर तिने अधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे. त्या वाटेने शाळेत जाणारी मुले, त्याच जागी घरचे माणूस गमावलेली कुटुंबे आणि ज्यांच्या गाडीखाली कुणी येऊन गेले आहे असे मोटरमन, हे सगळे ते छायाचित्र रोज पाहणार असतात. गाडीखाली माणूस येताना पाहणे, ब्रेक लावूनही गाडी थांबणार नाही हे त्या क्षणी कळणे, हा अनुभव मोटरमनच्या मनावर दीर्घकाळ राहू शकतो. या संशोधनातील सहभागी म्हणून त्यांचा विचार कुणी फारसा करत नाही, तो झाला पाहिजे.

कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंचे फलित आहे असे सूत्र मांडले, आणि ली रॉस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण शोधताना आपण परिस्थितीला कमी आणि स्वभावाला जास्त महत्त्व देतो. ‘लोकांना शिस्त नाही’ हे मुंबईत वारंवार ऐकू येणारे वाक्य याच प्रकारचे आहे. जिथे वस्ती एका बाजूला आणि बाजार, शाळा किंवा पाण्याचा नळ दुसऱ्या बाजूला आहे, जिथे पूल अर्धा किलोमीटर दूर आहे आणि त्याला चढता येईल असा उतार नाही, तिथे रूळ ओलांडणे हा परिस्थितीने लादलेला हिशेब असतो. पिवळे स्लीपर त्या माणसाला वेगाचा अंदाज देऊ शकतात. त्याला पलीकडे जाण्याची दुसरी वाट ते देऊ शकत नाहीत. म्हणून वर दिलेल्या रचनेत पूल, भिंत आणि सरकते जिने असलेल्या टप्प्यांचीही तीच मोजणी केली पाहिजे, म्हणजे एका पुलाने वाचवलेले जीव आणि रंगाने वाचवलेले जीव एकाच मापाने शेजारी मांडता येतील, आणि स्वस्त उपाय हाती आहे या कारणाने महाग पण आवश्यक उपाय पुढे ढकलला जाणार नाही.

अशा अभ्यासाचा आराखडा मोजणी सुरू होण्यापूर्वी जाहीर करावा लागेल, कारण निकाल पाहून मग मोजमाप निवडण्याचा मोह कुणालाही होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निकाल होते, पुनरावृत्तीत मात्र ते ३६ टक्क्यांतच मिळाले. वडाळ्यासाठी आराखड्यात तीन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्या लागतील : उरलेल्या सेकंदांचे मोजमाप मुख्य धरायचे की मृत्यूंचे, परिणाम किमान किती काळ टिकला तर उपाय यशस्वी म्हणायचा, आणि कोणता निकाल आला तर तो अयशस्वी म्हणून जाहीर करायचा. पट्ट्यांमुळे सेकंद वाढले पण मृत्यू घटले नाहीत, तर संवेदनाविषयीचा सिद्धान्त खरा आणि उपाय अपुरा ठरेल. मृत्यू घटले पण सेकंद तेवढेच राहिले, तर घटीचे कारण पट्ट्यांबाहेर शोधावे लागेल. हे दोन्ही निकाल उपयोगाचे आहेत, आणि दोन्ही मिळवण्यासाठी लागणारी स्थानकनिहाय, महिनावार नोंद लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यांत आजही होत असते.